वाघेऱ्याच्या उतारावर

आत्याने एकतीस वर्षं नोटा पाहिल्या.
मोजल्या नाहीत, पाहिल्या.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, जांभळ्या दिव्याखाली,
आकडे पेटतात का, धागा जागा होतो का.
घरी यातलं अवाक्षर नाही.
संध्याकाळी झडती देऊन बाहेर पडायची,
डब्यातली उरलेली अर्धी पोळीसुद्धा उलगडून दाखवून.

आश्विनात तिला मी वाघेऱ्याकडे नेलं.
उतारभर कारळा फुललेला,
पिवळं इतकं, की डोळ्यांना दुसरं काही सुचेना.
"यात काय बघायचं?" ती म्हणाली,
"सगळी फुलं एकसारखी."

मी कॅमेऱ्याला काळी काच लावली,
माणसाच्या वाट्याचा सगळा उजेड अडवणारी.
मागे उरतो तो उजेड
जो कातडी रापवतो, पडद्यांचा रंग उडवतो
आणि कधी तोंड दाखवत नाही.
वाऱ्यात फूल धरवेना. तिसऱ्यांदा जमलं.
पाकळ्यांची टोकं चुन्यासारखी,
आणि मधोमध
काजळाचं गोल रिंगण.

आत्याने चष्मा कपाळावर सारला.
"कोणी छापलंय हे?"

मी सुरू झाले, की पाकळीच्या बुडाशी एक द्रव्य असतं,
ते हा उजेड पिऊन टाकतं,
टोकं तो परतवतात, म्हणून मधमाशीला
तिने हात वर केला.
एक सातेरी आली होती.
ती टोकावर टेकली नाही, घुटमळली नाही,
सरळ काळ्यात उतरली.

बराच वेळ आम्ही बांधावर बसून होतो.
हरसूलची एसटी गेली, धूळ खाली बसली.
मग, निवृत्तीला नऊ वर्षं झाल्यावर,
कोणी न विचारता आत्या बोलली:
"खरा कागद त्या दिव्यात काळाच राहतो गं.
लखलखतो तो खोटा."

आणि एक फूल खुडून
तिने उन्हासमोर धरलं,
नोट धरावी तसं, जरासं तिरकं.
काहीच दिसलं नसणार.
तरी तिने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

गाडीत बसताना, दाराशी थबकून,
जुन्या सवयीने
तिने दोन्ही तळवे उघडून माझ्यापुढे धरले.
पिवळे होते.