वीस अंश

उद्यमबागेतल्या आमच्या स्टँडर्ड रूममध्ये
बाराही महिने वीस अंश.
बाहेर मे महिना पत्रे तापवत असो
की खानापूरच्या बाजूनं धुकं उतरलेलं असो,
आत वीस.
धातू तापला की खोटं बोलतो,
पहिल्याच दिवशी मुचंडीकर सर म्हणाले,
आधी त्याला निववायचं, मग मोजायचं.

अकरा वर्षं मी निववलं आणि मोजलं.
व्हॉल्व्हच्या बॉड्या, पंपाचे शाफ्ट,
मायक्रोमीटरची कट् कट् कट् तीनदा ऐकून
केसाचा विसावा भाग इकडचा तिकडे नाही.
जास्त भरलं तर परत लेथवर.
कमी भरलं तर लाल शिक्का.

मार्चमध्ये जिना चढून वर गेले, एचआरला.
कुणी ढकललं नाही, अर्ज माझाच.
आई म्हणाली, माणसांचं खातं म्हणजे काय गं,
वधूवर सूचक मंडळ?
मुचंडीकर सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
तिकडे गेज नसतो हं, एवढंच म्हणाले.
मुलाखतीत जे कारण सांगितलं ते मुलाखतीपुरतं.
खरं असं, की एका रात्रपाळीला
सात पीस ओळीनं नापास करताना
जॉबकार्डावरची सही मला पहिल्यांदा दिसली.
इराप्पा होसमनी.
सहीची शेपटी चौकटीबाहेर गेलेली.
इतकी वर्षं या माणसाचं काम मी हातात घेत होते
आणि तो उंच की ठेंगणा, ठाऊक नव्हतं.

वर एसी लागतो, बंद पडतो.
फॉर्म कन्नडमध्ये, मेल इंग्रजीत,
रडणं ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत,
शिव्या तिन्हींत.
धोरणाच्या पुस्तिकेत पान नऊवर ठळक अक्षरांत:
झीरो टॉलरन्स.
खाली कुणी असं ड्रॉइंग आणलं असतं
तर हसून परत पाठवलं असतं आम्ही.
शून्य सूट ठेवून जगात
एक नटसुद्धा तयार होत नाही.

जूनमध्ये तो आला.
ठेंगणा.
"कूड्री," मी म्हटलं. बसला नाही,
तेलाचे हात खुर्चीला लागतील म्हणून असेल.
राजीनामा दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात.
कारण: वैयक्तिक.
दोन्ही शब्द दोन्ही भाषांत तेच.
मी पुस्तिका पुढे केली, नोटीस पिरियडचं पान.
त्यानं ती हातभर लांब धरली,
मग आणखी लांब,
आणि मला ते सात पीस आठवले.
सगळे एकाच बाजूला, तीन शतांश.

ओतीव लोखंडाला हातोडीनं हलकेच टोकलं
तर चांगलं असेल ते खणकन् वाजतं,
आत पोकळी असेल तर बद्द.
मी तेवढंच केलं.
"डोळे कधीपासून?"

खाली प्रेस पडत राहिला. दहा ठोके, बारा.
"दोन वरसं झाली बाई.
सिद्राय आकडा वाचून सांगुलालता.
त्येची शिफ्ट बदलली."
मग दाराकडे बघत,
"लाल शिक्का तुमीच मारुलालतासा न्हवं?"

हो म्हटलं.
याला वीस अंशांवर आणून मग ऐकायची सोय
इथे कुणी केलेली नाही.
मलाही कुणी निववून आणलं नव्हतं.

चष्म्याचा खर्च कोणत्या खात्यात टाकतात,
माहीत नाही अजून. विचारीन.
कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, वर पेन्सिलीनं लिहिलं:
परत लेथवर.
तो काही बोलला नाही. पटलं असेल असं नाही.

बसला नव्हता, तरी खुर्चीच्या पाठीवर
चार काळी बोटं उमटलेली.
मी पुसली नाहीत.
दुसऱ्या दिवशी मल्लव्वानं पुसली,
सगळ्या खुर्च्या पुसते तशी.