केवळ आणि संपूर्णतः

पुस्तक माझ्याआधी कुणा ओगुतूचं होतं.
पहिल्या पानावर नाव, सतराव्यापर्यंत पिवळ्या रेघा,
मग कोरं.
सतराव्या पानावर काय झालं असेल त्याला?
तिथं एवढंच आहे :
कायदा उत्पन्न म्हणजे काय ते सांगत नाही,
त्यात काय काय धरायचं तेवढं सांगतो.

मला हे ओळखीचं वाटलं.
आईही कधी सांगत नाही आज किती सुटले.
काय काय भागलं, ते सांगते.

किसुमूच्या या वर्गाला दोन खिडक्या,
एकीतून सरोवर दिसतं.
प्रोफेसर वाफुला एक हात खिशात ठेवून शिकवतात.
"सरोवर म्हणजे भांडवल. मासा म्हणजे उत्पन्न."
मागून ओडुओल विचारतो,
"आणि सरोवरभर जलपर्णी माजली तर, सर?"
"तोटा. पुढच्या वर्षात ओढता येतो."
वर्ग हसला. ओडुओल नाही हसला.
त्याच्या वडिलांची होडी दोन हंगाम उपडी पडून आहे,
तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात.
(अंडी धरायची का, सर?)

रात्री आईला फोनवर सांगितलं,
चोराच्या कमाईवरसुद्धा कर असतो.
ती इतकी हसली की तिकडची कुत्री भुंकायला लागली.
"मग पावती देतात का गं त्याला?"

वजावटीचा धडा जूनमध्ये आला.
खर्च तोच मान्य, जो
केवळ आणि संपूर्णतः
उत्पन्न मिळवण्यासाठी झाला.
सरांनी दोनदा म्हटलं, मी दोनदा लिहिलं,
दुसऱ्यांदा लिहिताना पेन अडलं.

आईचे गमबूट.
पहाटे होड्या लागतात तेव्हा ती त्यांतच उभी असते, घोटाभर चिखलात.
पण आजोबांना पुरलं तेव्हाही पायांत तेच होते.
कोळसा : आधी मासे, मग त्याच धगीवर उगाली.
फोन अर्धा कोळ्यांचा, अर्धा अकेलो मावशीच्या गुडघेदुखीचा.
आणि रॉकेलची ती चिमणी,
जिच्या एका अंगाला ती ओमेना निवडायची,
खडे इकडे, बोटाएवढे मासे तिकडे,
दुसऱ्या अंगाला माझी पाढ्यांची वही.
ज्योत कापायची कुठून?

मी हात वर केला.
सर म्हणाले, "प्रमाणात वाटून घ्या, अपोंदी. वाजवी वाटेल तसं."
आणि घड्याळाकडे पाहिलं.

माझ्या पहिल्या फीसाठी चर्चच्या अंगणात
सगळ्या वस्तीनं पत्र्याच्या बादलीत पैसे टाकले होते.
ती भेट. भेटीवर कर नाही, मी तपासलं,
तरी सुट्टीत गेले की ओवितीची बायको
रस्त्यातच गाठते : झालीस का वकील?
दर वेळी थोडी मोठ्यानं.

या सुट्टीत बाजारात आईशेजारी बसले.
बाजारकराचा माणूस आला, पन्नास शिलिंग घेतले,
पावती फाडली. आईनं ती तारेत खोवली,
आधीच्या शेकडो पावत्यांवर.
वरचा पत्रा गळतो तो गळतोच,
पावत्यांच्या कडा ओल्या.

"हे सगळं घेतात, त्याचं पुढं काय करतात,
ते असतं का तुझ्या पुस्तकात?"
"ते पुढच्या सत्रात, आई. वेगळा विषय आहे."
"वेगळा?"
ती एवढंच म्हणाली.
गिऱ्हाईक उभं होतं.
तिनं गोरोगोरोचा डबा काठोकाठ भरला,
तळव्यानं सपाट केला,
पिशवीत ओतला,
आणि मग वर एक मूठ, वरताळा.
वहीत फक्त डबा लिहिला.