पातेल्यांवरची अक्षरं

वारणाकाठच्या आमच्या गावी, जैन बस्तीत,
पहाटेच्या अभिषेकाला आता तिघं असतात.
उपाध्ये, त्यांना पगार आहे.
भरमगोंडा तात्या, त्यांना झोप नाही.
तिसरं कोण ते रोज बदलतं,
कधी कधी दोघंच.
दाराला मात्र कुलपं दोन,
किल्ल्या दोन घरांत,
आणि दोन्ही घरांतली पोरं पुण्यात.

मीही अकरा वर्षांत गेले नाही.
सांगलीत नोकरी, विश्रामबागेत भाड्याचं घर,
रात्री साडेनवाला गाड्यावरची अंडाभुर्जी, कांदा जास्त.
'अंथऊ' म्हणजे माझ्या मुलीला
कुठलातरी पक्षी वाटतो,
दिवस बुडायच्या आत घरी परतणारा.

आईला मी सांगून टाकलं होतं,
आत गेल्यावर मला काही वाटत नाही.
ती तांदूळ निवडत होती.
"मला तरी कुठं वाटतंय," म्हणाली,
आणि एक खडा उचलून बाजूला ठेवला.
घर पडलं नाही.

मग सुकुमारच्या लग्नात मांडवामागं गेले
तर काशाक्का पातेली लावत बसलेली,
दोन ढिगारे. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं
एकीकडं 'च', एकीकडं 'पं'.
चतुर्थांची, पंचमांची.
"फरक काय गं दोघांत?" मी विचारलं.
"फरक? काय न्हाई बघ.
द्येव येक, पानी गाळायचं फडकं येक.
भांडी तेवढी येगळी."

पुराच्या साली दोन्ही कोठ्या बुडाल्या होत्या.
पातेली वाहत जाऊन एकाच उसात अडकली,
एकात एक बसलेली.
पाणी उतरल्यावर माणसं गेली,
गुडघाभर गाळात उभं राहून
प्रत्येकानं आधी काठ पुसला.

हे मी ऑफिसात हसून सांगते.
सगळे हसतात.

परवा जेवताना मुलगी म्हणाली,
कॉलेजातला एक मगदूम तिला आवडतो.
"कुठले मगदूम?"
"कुठले म्हणजे?"
घास हातात तसाच. नळ ठिबकत होता.
"म्हणजे गाव कुठलं," मी म्हटलं.
ती गाव सांगत राहिली, त्याची बहीण, त्याची गाडी.
माझा अंगठा ताटाच्या काठावरून
फिरत होता, सावकाश,
काही लागतंय का बघत.