अकरा मिनिटं

साल्मियात, सहाव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या मागे
एक खोली आहे, साडेचार बाय सात.
नकाशात तिला मोलकरणीची खोली म्हणतात.
खिडकी नाही. असावी असं कुणाला वाटलं नसेल.
आमच्याकडे मोलकरीण नाही,
म्हणून तिथे माझं ऑफिस.

टेबल शुक्रवारच्या बाजारातलं, सात दिनारचं.
दोन मॉनिटर, डावा हात निखळणारी खुर्ची,
पायाशी वॉशिंग मशीन.
नेमिनाथचे शर्ट फिरायला लागले
की माझी अक्षरंही थरथरतात.

भिंतीवर, जमिनीवर झोपलं तर डोळे येतील त्या उंचीला
पेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
एकदा मोजायला बसले. दोनशे अठ्ठावन्नला फोन वाजला,
पुन्हा पहिल्यापासून मोजणं झालं नाही.
रंगारी आला तेव्हा म्हटलं, एवढं सोड.

काम असं:
घराघरांतल्या कॅमेऱ्यांचे तुकडे येतात.
कुठलं घर, कुठला देश, सांगत नाहीत.
चेहरे पुसलेले. हात पुसायचे राहतात.
खाली चार चौकोन:
काम करते आहे, विश्रांती, रिकामी बसली, सांगता येत नाही.
एक तुकडा नऊ सेकंदांचा.
मी टिचकी मारते, यंत्र शिकतं.

आई इचलकरंजीत कापड तपासायची.
काचेचं टेबल, खालून ट्यूबलाइट,
ठाण सरकत जायचं, तुटका धागा दिसला की खडूची खूण.
रात्री भाकरी थापतानाही तिची नजर
डावीकडून उजवीकडेच चालायची.
म्हणायची, दोष कापडात असतो गं,
पैसे मात्र विणणाऱ्याचे कापतात.

मंगळवारी पडद्यावर एक बाई आली.
फरशीवर, फ्रीजला पाठ लावून, पाय पसरून.
शेजारी कांद्यांची परात, अर्धे सोललेले.
अकरा मिनिटं. त्र्याहत्तर तुकडे, सगळे माझ्याच वाट्याला.
तिने काही म्हणजे काही केलं नाही.
एकदा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं,
सोडलं.

मी लिहिलं, विश्रांती.
उत्तर आलं: इतरांशी जुळत नाही, पुन्हा पाहा.
मी लिहिलं, रिकामी बसली.
हिरवी खूण.
इतर म्हणजे कोण, कुठल्या खोल्यांत बसलेत,
त्यांच्या पायाशी काय फिरतंय, मला माहीत नाही.

आमच्या लिफ्टमध्ये आता जाहिरात लागली आहे:
तुम्ही बाहेर, तरी घर नजरेत.
मदतनिसाचे आजचे गुण, संध्याकाळी फोनवर.
चौथ्या मजल्यावर डॉक्टरांकडे निलंती आहे, गालेची.
कचऱ्याच्या दोन पिशव्या सांभाळत तिने विचारलं,
मॅडम, एकसष्ट म्हणजे कमी का?
मी म्हटलं, आमच्याकडे पस्तीसला पास.
ती हसली नाही.
चौथा मजला आला, दार उघडलं,
मिटायला लागलं, तिने पिशवी आडवी घातली.
कशाचे कापले, ते कुणाला विचारू?

मी म्हटलं, माहीत नाही.
नऊ सेकंदसुद्धा लागले नाहीत.

वर येऊन त्र्याहत्तर तुकडे पुन्हा उघडले
आणि त्र्याहत्तर वेळा लिहिलं, सांगता येत नाही.
बोट दुखलं. पगारातून काय जाईल ते जाईल.
यंत्राला आता कळेल, असं काही नाही;
हजारात एक धागा, ते वरून विणून टाकेल.

मग मी खुर्चीवरून उतरून
मशीनला पाठ लावून फरशीवर बसले.
पाण्याचा गरगराट पाठीच्या मणक्यांतून वर.
रेघा अगदी नाकासमोर.
वर टेबलावर पडदा विचारत होता,
तुम्ही अजून आहात का?
खाली हो असा एकच चौकोन,
आणि मागे वळत चाललेले आकडे,
एकोणसाठ, अठ्ठावन्न.

मी दोनशे एकोणसाठपासून पुढे मोजायला घेतलं.