रेषेमागे

रोकिश्कीसच्या शाळेत सामना अडला
चार सेकंद उरले असताना.
बास्केट पडली होती, मग टाइमआउट,
मग तो लांबहात्या पोरगा चेंडू घेऊन
बेसलाइनमागे दोन पावलं सरकला.
एक शिट्टी वाजली,
आणि दुसऱ्या पंचाचा हात म्हणाला, चालू द्या.

विद्मंतस म्हणे, पाय रोवायचे.
झिद्रे म्हणे, बास्केटनंतर अख्खी रेषा त्याची,
टाइमआउटनं ती आखडत नाही.
मी घड्याळाच्या बटणावर बोट धरून.
बोटाला घाम.

निकाल लागला. कुणाच्या बाजूनं, ते राहू द्या;
हरलेला कोच बराच वेळ
टाळ्या वाजवत होता, एकटाच.

परतताना तिघांना एकच गाडी, बाहेर उणे अकरा.
पंपावर झिद्रेनं काळा पाव घेतला
आणि पिवळ्या पट्ट्यामागे उभी राहिली.
"हे बघ."
बर्फात डावीकडे तीन पावलं,
पाव छातीशी.
विद्मंतसनं, पेट्रोलची नळी तशीच टाकून,
हात वर केला, सेकंद मोजू लागला.

चारवर तिनं फेकला.
त्यानं झेलला.
पट्ट्याच्या आत की बाहेर,
यावर पुढचे साठ किलोमीटर.