मळईची वांगी

हरिपूरला, हळदीच्या पेवांपलीकडे,
मल्लाप्पा कोऱ्यांच्या सोप्यावर तिघे बसले होते.
चौथा मी. मला मोजत नसत, मी कारकून.

वारणेच्या तोंडाशी पुरानं टाकलेली मळई,
सोळा बिघे.
समोरच्या संस्थानाशी आठ महिने बोलणी चाललेली,
आणि आज रात्री, त्यांना सुगावा न लागू देता,
आम्ही तिसऱ्याला विचारणार होतो:
सोडली, तर तुम्ही काय म्हणाल?
नाही सोडली, तर?

मोडीत आधी रेघ ओढतात,
या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका दमात.
अक्षरं मग तिला लटकतात.
मी बारा रेघा ओढून ठेवल्या होत्या.

दाजीसाहेबांनी नकाशा उलगडला.
त्यात नदी निळी होती, आणि जागच्या जागी.
म्हणाले, आपला स्नेह जुना.
म्हणाले, हे फक्त कानावर असावं.
बसलिंगप्पा देसाई पगडी मांडीवर घेऊन ऐकत राहिले.
मग त्यांनी हळदीचा भाव विचारला.
उगारचा रस्ता यंदा तरी होतोय का, विचारलं.
मी लिहिलं: भाव.
मी लिहिलं: रस्ता.

पानं मांडली. भाकरी, तिळाची चटणी, भरलं वांगं.
दुसऱ्यांदा वाढून घेताना देसाई म्हणाले,
"बदनेकाई गोड आहे. कुठली?"

मल्लाप्पांनी ताकाचं भांडं उगाच सरकवलं.
दाजीसाहेब एकच घास चावत राहिले.
यमनव्वा आंबी ती मळईवर लावते,
पहाटे होडीतून पाटी आणते,
आणि सारा कुणालाच भरत नाही,
कारण कुणाला भरायचा ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

आमची म्हणावं, तर दावा.
त्यांची म्हणावं, तर कबुली.
नदीची म्हणावं, तर नदीकडे शिक्का कुठाय?

देसायांनीच पानातलं वांगं उलटं केलं.
"चार फाका, पण देठ राखलाय," म्हणाले,
"म्हणून फुटलं नाही."
हात धुतले, पगडी घातली, निघाले.

परतीच्या दमणीत दाजीसाहेब सांगलीचे दिवे दिसेपर्यंत गप्प.
मग म्हणाले, "सल्ला होता का रे तो?"
मी म्हटलं, "त्यांना वांगी आवडली."
"तेवढंच लिही."

तिसऱ्या रेघेखाली तेवढंच आहे.
बाकीच्या नऊ अजून कोऱ्या.

सकाळी घाटावर यमनव्वानं विचारलं,
"पाव्हण्याला पुरली न्हवं?"