ठोके

माणशी एकोणसाठ पौंड, चहा-बिस्किटं धरून.
बावीस जण आले ब्रिस्टलहून, स्विंडनहून,
झोपायच्या पिशव्या काखोटीला मारून,
हातात लुकलुकणारी यंत्रं.
प्रत्येकाची सही घेतली मी:
जिन्यावरून पडलात तर हॉल जबाबदार नाही.
भुताने धरलं तर काय, ते कागदावर नव्हतं.

छतासाठी चाललंय हे सगळं.
वर बाल्कनीत सहा बादल्या मांडल्यात,
कुठली किती वाजता भरते, मला पाठ आहे.

त्यांचा म्होरक्या केल्विन म्हणाला,
"ग्लेनिस, स्टेजवरचा तो दिवा तेवढा घालवा."
तो दिवा आम्ही घालवत नाही.
खेळ असो नसो, रात्रभर एक उघडा बल्ब
लोखंडी दांडीवर जळत राहतो, मधोमध.
भुतांना उजेड लागतो, म्हणतात.
एम्लिन, माझा नवरा, म्हणायचा,
वादकांच्या खड्ड्यात पडून कुणाची तंगडी मोडू नये, म्हणून.
दोन्ही खरं असेल.
घालवला. छत म्हणजे छत.

मग केल्विनने गोष्ट सांगितली
मेकअपच्या खोलीत गळफास घेतलेल्या नटीची.
ही नटी आमच्या कमिटीने गेल्या ऑक्टोबरात जन्माला घातली,
ट्रेव्हरने तिला हिरवा झगा दिला,
पत्रकावर तो छान दिसतो.

हा हॉल नट्यांनी नाही बांधला.
पगारातल्या दर पौंडामागे एक पेनी,
अशी अकरा वर्षं कापून दिली खाणीतल्या माणसांनी.
दिवस काळोखात जायचा,
निदान संध्याकाळी
उजेडाकडे तोंड करून बसावं, एवढ्यासाठी.

"इथे कुणी आहे का?"
केल्विनचा आवाज एकदम देवळातला झाला.
"असाल तर एक ठोका द्या."

मी जीभ चावली.
आमच्या खोऱ्यात ठोका कुणी गंमत म्हणून मागत नाही.
मी नऊ वर्षांची होते.
खालून हवेच्या नळावर यायचे ठोके:
पाच म्हणजे पाचही जण आहोत.
बायकांना याच हॉलमध्ये बसवलं होतं, इथे ऊब होती म्हणून.
कुणीतरी खाणीच्या तोंडाशी कान लावून बसायचं
आणि दर तासाला धावत येऊन आकडा सांगायचं.
पाच.
पाच.
चार.
आईने जी रांगेतल्या चौदा नंबरवर बसून
बाबांच्या स्वेटरची पाठ विणून पुरी केली.
बाह्या राहिल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी
डाव्या भिंतीतून आलं: ठक्.
मग ठक्. ठक्.
सगळी यंत्रं एकदम पेटली,
एक बाई रडायला लागली, कुणी कुणाला मिठी मारली,
केल्विन कुजबुजला, "हिरवा झगा, तीच ती."

तीनला बॉयलर बंद होतो.
पाईप निवतो, आकसतो, कड्यावर आपटतो.
एम्लिन दर हिवाळ्यात तिथे चामड्याची पट्टी घट्ट बसवायचा.
त्याला जाऊन बारा वर्षं झाली.
मी काही बोलले नाही.
बोटांवर मोजत होते, ते शेजारच्या पोरीने पाहिलं,
टॅम्सिन नाव तिचं, केस निळे.
"किती?" तिने विचारलं.
"चार," मी म्हटलं. "कधी कधी पाच येतात."
तिने यंत्र बंद केलं
आणि थोडी माझ्या बाजूला सरकून बसली.

सहाला गेले सगळे, टोस्ट खाऊन.
एक मोजा राहिला, आणि एक हजार दोनशे अठ्ठ्याण्णव पौंड.
छताचा एक कोपरा निघेल त्यातून,
खर्च वजा जाता कोपऱ्याचाही कोपरा.
बादल्या रिकाम्या केल्या.
दिवा लावला.

चामड्याची पट्टी अजून आहे,
खालच्या ड्रॉवरमध्ये, पान्याशेजारी.
बसवायला दहा मिनिटं लागतात.